किरणोत्सर्गी आयोडीनची कुळकथा

रोग्याचे सर्वांग न जाळता नेमके अर्बुद हुडकून त्याच्यावरच घाव घालणारी औषधे ही अलीकडच्या प्रयोगशाळांची करामत होय, असा समज सुशिक्षितांतही रूढ आहे. परंतु या घराण्याचा मूळपुरुष शोधू गेल्यास तो, जखमेवर लावावयाच्या टिंक्चरमुळे घरोघर ठाऊक असलेल्या आयोडीनमध्ये सापडतो, आणि त्याची खरी कसोटी पाहावयाची तर गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा कर्करोग थेट कवटीच्या हाडात जाऊन ठाण मांडतो, अशा विरळा प्रसंगी ती पाहावी.

आयोडीनचा जन्म युद्धाच्या धामधुमीतला. १८११ साली बेर्नार कूर्त्वा हा बंदुकीच्या दारूसाठी लागणाऱ्या सोऱ्याचा फ्रेंच कारखानदार समुद्रशैवालाच्या राखेवर प्रक्रिया करीत असता गंधकाम्ल वाजवीपेक्षा अधिक पडले, जांभळ्या वाफा उसळल्या, आणि थंड पृष्ठभागावर त्यांचे काळसर, चकाकणारे स्फटिक जमले. १८२० साली जिनिव्हाच्या क्वांदे या वैद्याने ते द्रव्य गलगंडावर दिले, आणि शतक संपता संपता बाउमान या जर्मन रसायनज्ञाने थायरॉइड ग्रंथीतच आयोडीन असल्याचे सिद्ध केले. हा पूर्वेतिहास झाला.

पुढची पिढी एका प्रश्नातून जन्मली. १९३६ च्या नोव्हेंबरात बोस्टन येथे कार्ल कॉम्प्टन या पदार्थवैज्ञानिकाचे व्याख्यान झाले असता सॉल हर्ट्झ या डॉक्टरने विचारले की, आयोडीन कृत्रिम रीतीने किरणोत्सर्गी करता येईल काय? ‘येईल’ असे उत्तर कॉम्प्टनने पुढे पत्राने कळविले, आणि सशांवर प्रयोग सुरू झाले. त्या वेळचे आयोडीन पंचवीस मिनिटांत निम्मे सरत असे. रोग्याला देण्याजोगे, आठ दिवसांत निम्मे होणारे आयोडीन-१३१ हे सीबोर्ग व लिव्हिंगूड यांनी १९३८ साली बर्कलीत शोधले. १९४१ साली हर्ट्झने किरणोत्सर्गी आयोडीन उपचार म्हणून प्रथम रोग्याला दिले खरे, परंतु ते अतिक्रियाशील ग्रंथीवर, कर्करोगावर नव्हे.

कर्करोगाचे प्रकरण न्यूयॉर्कच्या माँटेफिओर रुग्णालयात सॅम्युएल सायडलिन या डॉक्टरांपुढे आले, आणि ते मोठे चमत्कारिक होते. रोग्याची थायरॉइड ग्रंथी वीसएक वर्षांपूर्वीच काढून टाकलेली. तरी देह झिजत चाललेला, छाती धडधडणारी, म्हणजे लक्षणे सगळी त्या ग्रंथीच्या अतिरेकाची! ग्रंथी नाही आणि तिचा अंमल मात्र चालू, याचा अर्थ शरीरात अन्यत्र पसरलेली अर्बुदेच तिचा कारभार पाहत होती. १९४३ साली किरणोत्सर्गी आयोडीन पाजून देहावर मोजणीयंत्र फिरविताच त्या गाठींनी एकामागून एक आपले ठावठिकाणे कबूल केले. पुढे त्याच औषधाने रोग्यास उतार पडला, आणि १९४६ च्या डिसेंबरात ही हकीकत छापून आली. ‘लक्ष्य’ साधणाऱ्या औषधांची वंशावळ मी तरी येथूनच धरीन.

परमुलखात स्थायिक झालेला गृहस्थ जसा घरचा कुळाचार सोडीत नाही, तशी थायरॉइडची पेशी कवटीच्या हाडात गेली तरी आयोडीनची भूक सोडीत नाही, हे या विद्येचे सारे मर्म आहे. तिने ओढून घेतलेले आयोडीन जे बीटा किरण सोडते, ते फार तर एकदोन मिलिमीटर जातात. त्यामुळे पेशी मरते आणि शेजारच्या मेंदूला त्या मानाने थोडी झळ पोचते. मात्र गळ्यातील मूळ ग्रंथी आधी समूळ काढावी लागते, नाहीतर सारे औषध तीच फस्त करते.

महाराष्ट्रापुरते सांगावयाचे तर अशी किरणोत्सर्गी द्रव्ये जेथे बनविता येतात ती तुर्भ्याची ‘अप्सरा’ अणुभट्टी १९५६ साली सुरू झाली, आणि १९६३ पासून परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरात या विद्येचे ठाणे आहे. तेथे वा अन्यत्र मोठी मात्रा घेतलेल्या रोग्याला काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवतात आणि त्याचे मलमूत्रसुद्धा किरण ओसरेपर्यंत टाकीत साठवितात. हा बंदोबस्त पाहून नातेवाईक घाबरतात, ते स्वाभाविकच आहे.

तथापि हा रामबाण नव्हे. फुप्फुसातील बारीक गाठी जितक्या सहज वितळतात तितकी कवटीतील मोठी गाठ वितळत नाही, तिला बहुधा शस्त्रक्रियेची आणि बाहेरून दिलेल्या किरणांचीही जोड लागते; शिवाय काही पेशी कालांतराने आयोडीन घेणेच सोडतात. अशा रोग्यांसाठी सोराफेनिब, लेनव्हाटिनिब ही नवी औषधे आली. २०१३ साली तर सेल्युमेटिनिब हे याच वंशातले औषध देऊन वीस रोग्यांपैकी बाराजणांच्या गाठींत आयोडीनची ओढ वाढविता आल्याचे प्रसिद्ध झाले. नातवाने आजोबांचा अधिकार पुन्हा प्रस्थापित करावा, तसाच हा मामला.

शेवटी वाचकांना एक विनंती. कवटीतील ही गाठ वरून मऊ, पुष्कळदा न दुखणारी, क्वचित नाडीसारखी उडणारी असते, आणि साधी चरबीची गाठ समजून तिच्यावर सुरी चालविल्यास भयंकर रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून ज्याला जुना गलगंड आहे किंवा ज्याच्या गळ्यावर पूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे, त्याच्या डोक्यावर अशी गाठ दिसू लागल्यास ती कापवून घेण्यापूर्वी डॉक्टरला गळ्याची हकीकत अवश्य सांगावी.