प्रौढांचें चंचल अवधान

ज्याचें मन हातांतल्या कामावर ठरत नाहीं, त्याला जग आळशी म्हणतें किंवा बेजबाबदार ठरवितें. हा स्वभावदोष नसून विकार असूं शकतो, हें वैद्यकास उमगण्यास फार काळ लागला. आणि त्यांतही मुलांची दखल आधीं घेतली गेली, प्रौढांची पुष्कळ उशिरा.

इ. स. १७९८ मध्यें अलेक्झांडर क्रायटन ह्या स्कॉटिश वैद्यानें मानसिक व्याधींवरील आपल्या ग्रंथांत अवधानाचा स्वतंत्र विचार केला. दार लागल्याच्या आवाजानेंही कांहींचें चित्त उडतें, हें त्यानें टिपलें. मात्र जन्मजात दोष वयाबरोबर बहुधा ओसरतो, असेंही तो लिहून गेला. पुढें हीच समजूत दृढ झाली.

१९०२ मध्यें लंडन येथें जॉर्ज स्टिल ह्यांनीं अनावर मुलांवर व्याख्यानें दिलीं. १९३७ मध्यें अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड येथें चार्ल्स ब्रॅडली ह्यांनीं ३० मुलांना बेन्झेड्रिन हें उत्तेजक औषध दिलें. नवल असें कीं, जवळजवळ निम्म्या मुलांचा अभ्यास ठळकपणें सुधारला आणि कित्येक शांत झालीं. तरीही १९६८ सालच्या अमेरिकन मानसोपचारज्ञांच्या निदानसूचींत हा विकार बालपणाचाच मानला गेला. पौगंडावस्थेंत तो सहसा कमी होतो, असें तींत म्हटलें होतें.

ही चूक कां झाली? शाळेला दिसते ती धांवपळ. वय वाढलें कीं धांवपळ मंदावते. म्हणून रोग गेला, असें वाटलें. परंतु अर्धवट टाकलेलीं कामें, चुकलेल्या वेळा आणि वारंवार सुटणाऱ्या नोकऱ्या ह्यांकडे कोण पाहणार?

युटा येथील पॉल वेंडर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तिकडे पाहिलें. १९७६ मध्यें त्यांनीं १५ प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला; त्यांच्या बालपणाची माहिती मिळविली आणि औषधांचा परिणाम तपासला. १९८० च्या सूचींत विकाराच्या नांवांतच अवधानाला अग्रस्थान मिळालें आणि प्रौढपणीं उरणाऱ्या लक्षणांनाही जागा झाली. २०१३ मध्यें सतरा वर्षें वा त्यांहून अधिक वयाच्या व्यक्तींसाठीं सहाऐवजीं पांच लक्षणें पुरेशीं ठरलीं. मात्र कांहीं लक्षणें बारा वर्षांपूर्वीं दिसलेलीं असावीं लागतात.

म्हणूनच जाणता वैद्य केवळ आजची तक्रार ऐकून निदान करीत नाहीं. तो जुनीं प्रगतिपुस्तकें मागतो, आईवडिलांच्या आठवणी विचारतो. चिंता, विषाद किंवा अपुरी झोप हें कारण नाहीं ना, हेंही पाहतो. मग मेथिलफेनिडेटसारखें औषध रक्तदाबावर व हृदयावर लक्ष ठेवून दिलें जातें; जोडीला दिनक्रम आखण्याचें व कामाचे लहान भाग पाडण्याचें शिक्षण असतें.

औषधानें स्वभाव पालटत नाहीं. पण अर्धें आयुष्य स्वतःला नालायक समजलेल्या माणसाला आपल्या अपयशाचें खरें कारण कळतें, तेव्हां आत्मनिंदेचें ओझें हलकें होतें. आणि उपचाराला खरा आरंभ तेथूनच होतो.