पेत्र, दावीद आणि संकासूर

धारगळहून म्हापशाकडे निघाले की कोलवाळचा पूल लागतो. खालची नदी शापोरा. अलीकडे पेडणे, पलीकडे बारदेश. आज ही नदी केव्हा ओलांडली ते प्रवाशाच्या लक्षातही येत नाही, पण १५४३ साली बारदेश पोर्तुगीजांकडे गेला तेव्हापासून १७८८ साली पेडणे महाल त्यांच्या राज्याला जोडला जाईपर्यंत, म्हणजे जवळजवळ अडीचशे वर्षे, ही दोन राज्यांची आणि दोन धर्मसत्तांची सीमा होती. बारदेशात फ्रान्सिस्कन पाद्री आले, देवळे पाडली गेली आणि ज्यांना शक्य झाले त्यांनी आपले देव पाण्यापलीकडे नेले. धारगळची शांतादुर्गाही मूळची बारदेशातली, असे परंपरा सांगते. या इतिहासाची सत्ता आणि छळाची बाजू आपल्याकडे पुष्कळ लिहिली गेली आहे, आणि ती लिहिली जायलाच हवी. इथे मात्र त्याच काळातली दुसरी एक गोष्ट पाहायची आहे. नदीच्या दोन्ही बाजूंना माणसांना वागणूक शिकवली जात होती ती गोष्टींतून: कोणासारखे व्हावे आणि कोणासारखे होऊ नये हे सांगून. पलीकडे हे काम ख्रिस्ती शास्त्रातली माणसे करत होती, आणि तीही मराठी ओवीत. माझे म्हणणे असे की ही शिकवण जिथे श्रोत्याला स्वतःकडे पाहायला लावत होती तिथे ती खोल गेली, आणि जिथे वाईट माणूस म्हणून तिने शेजाऱ्याकडे बोट दाखवले तिथे तिने आपलेच बळ घालवले.

आधी मूळ शास्त्राची रीत पाहावी लागते. ख्रिस्ती शास्त्रात उदाहरणे देऊन शिकवणे हा बाहेरून चिकटवलेला प्रकार नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात पौल सांगतो की रानात भटकणाऱ्या पूर्वजांचे जे वाटोळे झाले ते पुढच्यांना धडा मिळावा म्हणून लिहून ठेवले आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा अकरावा अध्याय उलट बाजूने जातो. हाबेल, नोहा, अब्राहाम, मोशे अशी श्रद्धावंतांची मालिका तो उभी करतो. पण या दोन याद्या वेगळ्या ठेवून चालत नाही, कारण बहुतेक माणसे दोन्ही याद्यांत बसतात. दावीद हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. तो देवाच्या मनासारखा राजा, स्तोत्रांचा कर्ता. आणि तोच गच्चीवरून बथशेबेला पाहतो, तिला बोलावून घेतो आणि तिचा नवरा उरिया याला लढाईच्या अशा जागी उभा करवतो की तो जिवंत परतू नये. तसा हुकूम लिहिलेले पत्र उरियाच्याच हाती दिलेले असते. मग नाथान संदेष्टा येतो, पण तो राजाला सरळ दोष देत नाही. तो गोष्ट सांगतो: एका गरिबाजवळ एकच कोकरी होती, ती त्याच्या ताटातले खायची, त्याच्या उराशी निजायची, शेजारच्या श्रीमंताकडे पाहुणा आला तेव्हा त्याने स्वतःचे कळप राखले आणि ती कोकरी कापली. दावीद संतापतो आणि त्या श्रीमंताला मरणाची शिक्षा बोलून मोकळा होतो. तेव्हा नाथान त्याला सांगतो की तो माणूस तूच आहेस. वाईट उदाहरणाने काम कसे करायचे हे इतक्या नेमकेपणाने दाखवणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही. न्याय आधी दुसऱ्याचा होतो आणि मग तोच उलटून श्रोत्यावर येतो. तो उलटला नाही तर गोष्ट फुकट गेली.

ही रीत गोव्यात मराठीत आणली ती फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने. १५७९ च्या ऑक्टोबरात तो गोव्यात उतरला आणि पुढचे आयुष्य मुख्यतः सासष्टीत काढले. १५८३ साली कुंकळ्ळीला जेझुइट मारले गेले, त्यांची प्रेते आणवून घेणाऱ्यांत तो होता. म्हणजे धर्मांतराच्या संघर्षाची धग त्याने जवळून पाहिली होती. १६१६ साली रायतूरला त्याचे क्रिस्तपुराण छापले गेले: पहिल्या पुराणाचे ३६ अवस्वरू म्हणजे अध्याय, दुसऱ्याचे ५९, मिळून सुमारे अकरा हजार ओव्या, लिपी रोमन आणि भाषा मराठी. आपण स्टीफन्सला ओळखतो ते बहुधा मराठीच्या स्तुतीच्या ओव्यांपुरते. शाळेच्या पुस्तकाने त्या पाठ करून घेतल्या आणि उरलेले पुराण बाजूला राहिले. त्याच्या आरंभीचा एक प्रसंग मला स्तुतीहून मोलाचा वाटतो. पाद्री मुलांना दोत्रीन, म्हणजे धर्माची मूलतत्त्वे, शिकवत असताना एक नवख्रिस्ती ब्राह्मण त्याला विचारतो की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हाला वाचायला दुसरे पुराण का देत नाही? हा प्रश्न घडलेला असो वा रचलेला, तो खरा आहे. नियम पाठ करून माणसाचे भागत नाही; त्याला माणसांच्या कथा लागतात, आणि त्या काढून घेतल्या तर पोकळी राहते, हे स्टीफन्सने ओळखले होते. पहिल्या पुराणात त्याने सृष्टीपासून, आदाम-एवेच्या पतनापासून पूर्वजांच्या आणि राजांच्या कथा सांगितल्या, दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र. छापलेला मराठी नवा करार आला तो १८११ साली, बंगालमधल्या श्रीरामपूरहून. तोवर गोव्यातल्या साध्या श्रोत्याच्या कानी काइन आणि हाबेल, मोशे आणि फारो, पेत्र आणि यहूदा पडत होते ते पाद्रीच्या उपदेशातून आणि या ओव्यांतून.

यांत पेत्र आणि यहूदा यांची जोडी विशेष विचार करण्यासारखी आहे. दोघेही बारा शिष्यांतले. एकाच रात्री दोघेही आपल्या गुरूला दगा देतात: एक तीस रुप्यांसाठी, दुसरा भीतीपोटी. प्रमुख याजकाच्या वाड्यात चाकर शेकत बसलेले असतात, पेत्रही तिथे हात शेकायला जातो आणि एका दासीने ओळखल्याबरोबर आपण येशूला ओळखत नाही म्हणतो. असे तीनदा, आणि कोंबडा आरवतो. यहूदालाही पस्तावा होतो, तो पैसे परत नेऊन टाकतो, पण पुढे त्याला वाट दिसत नाही आणि तो गळफास घेतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात पुन्हा कोळशांचा विस्तव आहे, काठावर मासे भाजत ठेवले आहेत आणि त्या विस्तवाशी पेत्राला तीनदा विचारले जाते की तुझे माझ्यावर प्रेम आहे का. हरवलेले तीन शब्द त्याला तीन शब्दांनी परत मिळतात. चारही शुभवर्तमानांनी पेत्राचा नकार लिहून ठेवला आहे, आणि ज्या मंडळीने तो ठेवला तिचा पेत्र अग्रणी होता. आपल्या मुख्य माणसाची लाज अशी जपून ठेवायला धैर्य लागते.

म्हणूनच पुढे जे झाले ते जास्त खटकते. स्टीफन्सनंतर एत्येन द ला क्र्वा या फ्रेंच जेझुइटाने संत पेत्राच्या चरित्रावर मराठीत मोठे पुराण रचले. ते १६२९ साली गोव्यात छापायला लागले. विषय पेत्र, म्हणजे पडून उठलेला माणूस. यापेक्षा चांगला विषय मिळणे कठीण. पण ग्रंथाच्या पोर्तुगीज नावातच लिहिले आहे की यात पूर्वेकडच्या मूर्तिपूजकांच्या मुख्य चुकांचे खंडन केले आहे. पेत्र आदर्श राहिला आणि वाईट उदाहरणाची जागा शेजाऱ्याच्या देवांना मिळाली. त्यासाठी सामग्रीही जमवली गेली होती: सोळाव्या शतकात जेझुइटांनी रामायण-महाभारतातल्या गोष्टी कोकणी-मराठीत रोमन लिपीत उतरवून घेतल्या, आणि ती हस्तलिखिते आज पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या ग्रंथालयात आहेत. ज्या कामासाठी त्या उतरवल्या त्याने त्या जतन झाल्या, हे मान्य करूनही म्हणावे लागते की तिथे नाथानाची रीत मोडली. श्रोता न्याय करून बसला आणि गोष्ट त्याच्यावर उलटलीच नाही. ती नदीपलीकडच्या धारगळवर जाऊन थांबली.

यावर कोणी म्हणेल की क्रिस्तपुराण तरी निर्मळ कुठे होते? जिथे जुने पुराण वाचणे गुन्हा ठरवले, जिथे १५६० पासून इन्क्विझिशन बसले, तिथे नवे पुराण हातात देणे हा त्याच सक्तीचा मऊ भाग नव्हे काय? हा आक्षेप टाळता येत नाही. स्टीफन्सही मूर्तिपूजेवर टीका करतो, आणि त्याचा श्रोता मोकळेपणाने निवड करून आलेला नव्हता. पण आक्षेप ग्रंथाच्या जन्माविषयी आहे. ग्रंथ पुढे कसा जगला हे त्यावरून ठरत नाही. १६४९ आणि १६५४ साली तो पुन्हा छापावा लागला. १६८४ साली व्हाइसरॉयच्या हुकुमाने स्थानिक भाषेवरच बंदी आली, म्हणजे ज्या सत्तेच्या छायेत तो जन्मला तिनेच त्याच्या भाषेकडे पाठ फिरवली. गोव्यातून दक्षिणेला गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो मंगळुरापर्यंत नेला आणि १९०७ साली तो तिथे पुन्हा छापला गेला. सक्तीचा कागद सक्ती सरल्यावर कोणी जपत नाही. हे पुराण जपले गेले, कारण त्यातली माणसे श्रोत्यांना आपली वाटली होती.

नदीच्या अलीकडच्या काठावरही हीच कसोटी लावायला हवी. पेडण्यापासून सावंतवाडी-कुडाळपर्यंतच्या पट्ट्यात दशावताराची परंपरा आहे. देवाच्या जत्रेत रात्री उशिरा गणपती, ऋद्धी-सिद्धी, सरस्वती येऊन गेले की काळ्या वेशातला संकासूर शिरतो. वेद चोरणारा राक्षस तो, विष्णूच्या हातून मरणार हे सगळ्यांना ठाऊक; पण सूत्रधाराशी तो गावच्या बोलीत बोलतो, गावच्याच उणिवांवर बोट ठेवतो आणि लोक पोट धरून हसतात. राजपार्ट करणारा जड भाषेत बोलतो, खलनायक मात्र आपल्या घरची बोली बोलतो. असुर परका वाटू नये याची एवढी काळजी आपल्या लोकांनी घेतली. कोणी म्हणेल की संकासूर हा करमणुकीचा भाग आहे, त्याला यहूदाच्या शेजारी बसवू नये. मला वाटते हसणे ही सुद्धा स्वतःला ओळखण्याची एक रीत आहे, आणि रडण्यापेक्षा ती कमी प्रामाणिक नाही. पण याच काठावर ‘बाटगा’ हा शब्दही होता. सक्तीने, भुकेने, जमीन वाचवण्यासाठी धर्म बदललेल्या माणसाला तो शब्द लावला की त्याची सगळी गोष्ट संपली. रात्री संकासुरात स्वतःला पाहणारी माणसे दिवसा पलीकडच्या काठाला वाईटाचे उदाहरण करत होती, तेव्हा तीही क्र्वाच्याच वाटेने चालत होती.

आणखी एक शंका शिक्षकांची असते, आणि ती मला सर्वांत रास्त वाटते. कच्च्या वयाच्या मुलांपुढे दावीदाचे पाप कशाला? चांगलेच दाखवावे, वाईट आपोआप मागे पडेल. गोव्याच्या ख्रिस्ती परंपरेत या मताचे एक सुंदर रूप आहे: गोवा वेल्हा गावी उपासकाळात सर्व संतांची मिरवणूक निघते. फ्रान्सिस्कनांनी सतराव्या शतकात सुरू केलेली ही चाल अजून चालू आहे. संतांच्या मूर्ती खांद्यावर घेऊन माणसे गावातून फिरतात आणि दोन्ही बाजूंना सर्व धर्मांचे लोक उभे असतात. तिथे पडलेला कोणी नाही, सगळे पोचलेले. त्या दर्शनाचे मोल मी कमी करत नाही. खुद्द शास्त्रातही असे प्रयत्न आहेत: इतिहासाच्या पुस्तकांनी दावीदाचे राज्य पुन्हा सांगितले आणि बथशेबा-उरियाचे प्रकरण गाळले. पण ज्यांनी शास्त्र एकत्र केले त्यांनी ते प्रकरण सांगणारे शमुवेलाचे पुस्तक काढून टाकले नाही, दोन्ही ठेवली. आणि मत्तयाने तर ख्रिस्ताच्या वंशावळीतच उरियाच्या बायकोचा उल्लेख केला. केवळ पोचलेल्यांची मिरवणूक पाहिलेल्या मुलाला आपण पडलो त्या दिवशी कोणाकडे पाहावे ते कळत नाही. ते पेत्राकडे पाहून कळते.

१७८८ साली पेडणे पोर्तुगीजांच्या राज्यात गेले तेव्हा काळ बदललेला होता. नव्या काबिजादीतल्या, म्हणजे पेडण्यासारख्या मागाहून मिळालेल्या महालांतल्या, देवळांना, गावच्या चालीरीतींना हात लावायचा नाही हे राज्यकर्त्यांनी कबूल केले होते आणि इन्क्विझिशनचे दिवस भरत आले होते. १८१२ साली ते बंद झाले. धारगळची देवी आपल्या जागी राहिली. एकाच झेंड्याखाली दोन्ही काठांच्या जत्रा आणि फेस्ते सुरू राहिली, एकमेकांकडे येणेजाणे वाढले, पण एका काठाची पुराणे दुसऱ्या काठाने वाचावी असे काही फारसे घडले नाही. लिपीही आड होती: क्रिस्तपुराण रोमन अक्षरांत, आणि पेडण्यातला पोथी वाचणारा देवनागरी आणि मोडीतला. ती आडकाठी दूर केली शांताराम बंडेलू यांनी. १९५६ साली त्यांनी पुण्याहून क्रिस्तपुराण देवनागरीत प्रसिद्ध केले, आणि काइन, शौल, दावीद, पेत्र, यहूदा ही सगळी माणसे, ज्यांच्यासाठी ते पुराण कधी लिहिलेलेच नव्हते अशा मराठी वाचकांच्या हाती आली. गोवा तेव्हा अजून पोर्तुगीजांच्याच ताब्यात होता.