खोडलेल्या ओळींचा पुरावा

बा. भ. बोरकरांची कविता वर्गात शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे एकच चौकट वापरत आलो : निसर्ग, प्रेम, भक्ती, आनंद. ‘आनंदयात्री’ हे विशेषण इतके सोयीचे, की ‘प्रतिभा’ (१९३०) आणि ‘जीवनसंगीत’ (१९३७) लिहिणारा हा तरुण शिक्षक कोणत्या राजवटीत राहत होता, हे सांगायचे राहूनच जाते. आमचा सिंधुदुर्ग तेरेखोलच्या खाडीपाशी संपतो. तिच्या पलीकडे १९६१पर्यंत दुसरा कायदा होता.

बोरकरांचा जन्म १९१०चा, म्हणजे पोर्तुगालात प्रजासत्ताक आले त्याच वर्षीचा. त्या उदार वाऱ्यात गोव्यातील मराठी वृत्तपत्रांनी मोकळा श्वास घेतला. हेगडे देसाईंचे ‘भारत’ त्यांतलेच. बोरकर पंधरा वर्षांचे असताना, मे १९२६मध्ये, लिस्बनला लष्करी उठाव झाला आणि वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला. पुढे सालाझारच्या राजवटीत, १९३३च्या हुकूमनाम्याने, प्रसिद्धिपूर्व तपासणी पक्की झाली. लग्नपत्रिकासुद्धा मंजुरीसाठी दाखवाव्या लागत, असे गोव्यातील जुनी मंडळी सांगत.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. ब्रिटिश सरकार बहुधा छापून झाल्यावर शिक्षा करी. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७मध्ये रंगभूमीवर आले आणि १९१०मध्ये त्यावर बंदी आली. नाटक उरले, बंदीचा हुकूमही उरला. पोर्तुगीज पद्धतीत मजकूर छापण्याआधीच कापला जाई, आणि कापलेली जागा कोरी ठेवायचीही सोय नसे. ती दुसऱ्या मजकुराने भरावी लागे. वाचकाला काही गेल्याचे कळूच नये, ही व्यवस्था! जप्तीचा इतिहास लिहिता येतो, न छापलेल्याचा कसा लिहावा?

मराठी कवीला एक पळवाट होती खरी. सीमेपलीकडे मुंबई-पुण्याची मासिके होती. पण कविता सीमा ओलांडून गेली, तरी कवी १९४५पर्यंत शिक्षकी पेशात गोव्यातच होता, आणि लेखणी उचलण्याआधी हात आखडण्याला सेन्सॉरचा शिक्का लागत नाही.

म्हणून बोरकरांच्या प्रत्येक समुद्रात आणि पावसात गुप्त बंडखोरी शोधावी काय? आम्हांला ते पटत नाही. ‘आनंदभैरवी’ (१९५०) आणि ‘चित्रवीणा’ (१९६०) हे संग्रह सालाझारच्या मुलखाबाहेर पडल्यानंतरचे आहेत, आणि वृत्ती तीच आहे. सौंदर्यासक्ती हा त्यांचा बुरखा नव्हता. मात्र उलट बाजूने, आरंभीच्या संग्रहांत राजकारण नाही म्हणून कवी उदासीन होता, असा निष्कर्ष आपण काढतो तोही तितकाच कच्चा. १८ जून १९४६ रोजी राममनोहर लोहियांनी मडगावला सभाबंदी मोडली. त्याच सुमारास, पस्तिशीत, बोरकर स्वातंत्र्यचळवळीत उतरले आणि मुंबईत ‘आमचा गोमंतक’ व कोंकणी ‘पोर्जेचो आवाज’ यांच्या संपादनाकडे वळले. उदासीन माणूस असा एका वर्षात बदलत नाही. ‘दूधसागर’ (१९४७) वाचताना हे सनावळीचे भान ठेवून पाहावे.

चळवळीतल्या टी. बी. कुन्हांना तर त्याच साली आठ वर्षांची शिक्षा होऊन पोर्तुगालातील पेनीशच्या किल्ल्यात धाडण्यात आले.

आणि नोव्हेंबर १९५५मध्ये आमच्याच आंबोलीच्या रानातून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी कोंकणी व पोर्तुगीज भाषांत एक गुप्त नभोवाणी सुरू केली. ती पुढे कॅसलरॉकला हलली आणि १९६१पर्यंत चालली.