इम्तियाज जलील : टीव्हीच्या बूमपासून लोकसभेपर्यंत

इम्तियाज जलील मूळचे औरंगाबादचे (आताचे छत्रपती संभाजीनगर). राजकारणात येण्याआधी वीसेक वर्षं पत्रकारिता. आधी लोकमत समूहात, नंतर एनडीटीव्हीसाठी पुण्यातून. हातात बूम घेऊन नेत्यांना आडवे प्रश्न विचारणारा हा चेहरा शहराला टीव्हीमुळे माहीत होता.

2014 च्या विधानसभेच्या तोंडावर ते एमआयएममध्ये आले आणि औरंगाबाद मध्य मतदारसंघातून थेट आमदार झाले. शिवसेना-भाजप त्यावेळी वेगवेगळे लढले होते, हे विसरून चालणार नाही. पत्रकाराने पक्षाचं तिकीट घ्यावं का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. आमच्या मते त्यात गैर काही नाही, फक्त उडी मारल्यावर निःपक्षपातीपणाचा दावा मागे सोडावा लागतो. पण कॅमेऱ्यासमोर मुद्दा थोडक्यात मांडायची सवय कामी आली. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्हींत ते सहज बोलतात, म्हणून पक्षाची बाजू मांडायला चॅनेलवर तेच दिसू लागले. पुढे ते पक्षाचे प्रदेशाध्यक्षही झाले.

2019 ची लोकसभा मात्र वेगळीच होती. प्रकाश आंबेडकरांच्या वंचित बहुजन आघाडीची साथ होती, म्हणजे मुस्लिम आणि दलित मतं एकत्र. समोर सलग चार वेळा खासदार राहिलेले चंद्रकांत खैरे. अपक्ष हर्षवर्धन जाधव यांनी 2 लाख 83 हजारांवर मतं घेतली आणि जलील 4,492 मतांनी निवडून आले. 1980 मध्ये निवडून आलेल्या काझी सलीम यांच्यानंतर औरंगाबादला मुस्लिम खासदार मिळाला. त्या लोकसभेत महाराष्ट्रातून गेलेले ते एकमेव मुस्लिम. शहराच्या नामांतराविरोधात 2023 मध्ये त्यांनी साखळी उपोषण केलं.

2024 ला वंचितची साथ नव्हती. संदीपान भुमरे यांनी त्यांना सव्वा लाखाहून जास्त मतांनी हरवलं. काही महिन्यांनी ते विधानसभेला उभे राहिले, या वेळी गारखेडा, पुंडलिकनगरचा भाग येतो त्या औरंगाबाद पूर्वमधून. भाजपच्या अतुल सावे यांच्याशी अगदी अटीतटीची लढत झाली. याच जागेवर आधी एमआयएमकडून लढलेले गफ्फार कादरी आता समाजवादी पक्षाचे उमेदवार होते. त्यांना पाच हजारांवर मतं पडली. जलील 2,161 मतांनी पडले.