राजधानीचे मैदान आणि जिल्ह्याचा गडी

परभणी जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्यातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात दाखल झाला. त्यानंतर बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताच्या फुटबॉल संघाने यजमान ऑस्ट्रेलियाचा ४-२ असा पराभव केला. त्यांतील तीन गोल गोव्यात जन्मलेल्या आणि मुंबईत नावारूपास आलेल्या नेव्हिल डिसोझाचे होते, संघाचे शिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम होते, आणि सिकंदराबादचा तरुण आघाडीवीर तुलसीदास बलरामही त्याच संघासमवेत गेला होता. परभणीकरांनी नुकतेच सोडलेले आणि नुकतेच जवळ केलेले, अशी दोन्ही राज्ये एकाच यशाची धनी ठरली.

निजामाच्या अंमलात परभणीचे तोंड हैदराबादकडे होते. कचेरीचा कारभार उर्दूतून चाले, उच्च शिक्षणासाठी उस्मानिया विद्यापीठाची वाट धरावी लागे, आणि मनमाडहून परभणी-पूर्णेवरून जाणारी मीटर गेज गाडी सिकंदराबादलाच नेऊन पोचवी. त्या राजधानीच्या सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईतील रोव्हर्स चषक जिंकला. तो काळ उघड व्यावसायिक खेळाचा नव्हे. गड्याचे नाव पोलिसांच्या, रेल्वेच्या वा एखाद्या कंपनीच्या हजेरीपटावर असे, आणि घर चाले ते त्या नोकरीच्या तनख्यावर. मात्र हा आश्रय मुख्यतः राजधानी आणि तिच्या छावणीभोवतीच एकवटलेला होता.

अंतराचा अडसर केवढा असतो, हे बलरामच्या चरित्रावरून कळते. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याहून शहरात सरावास येण्याइतकेही पैसे त्या गरीब घरच्या मुलापाशी नव्हते. रहीमसाहेबांनी भाड्याच्या सायकलीची तजवीज केली, तेव्हा कुठे त्याचा मार्ग मोकळा झाला. पुढे तो कलकत्त्याच्या ईस्ट बंगालचा आधारस्तंभ झाला, १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये हंगेरी आणि पेरू यांच्याविरुद्ध त्याने गोल केले, १९६२ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या संघात तो होता. आणि लगेच पुढल्या वर्षी, ऐन उमेदीत, फुप्फुसाच्या आजाराने त्याला खेळ सोडावा लागला. आघाडीच्या गड्याची कारकीर्द ही अशी अल्पायुषी असते. म्हणूनच तिचा आरंभ लवकर आणि नेमक्या ठिकाणी व्हावा लागतो.

चार कोसांवरच्या मुलाला जर सायकलीवाचून मैदान दुर्लभ होते, तर रेल्वेने रात्र काढून राजधानी गाठणाऱ्या परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर-गंगाखेडच्या मुलाची काय कथा! उपजत गुण एखाद्याच मुलुखाच्या वाट्यास येतात, असे मानण्यास आधार नाही. मैदान, गुरू आणि उपजीविका या तिहींची जेथे गाठ पडते, तेथेच ते फळतात. जिल्ह्याचे राज्य बदलल्याने ही गाठ आपोआप पडत नाही. ती तालुक्या-तालुक्याच्या ठिकाणी घालून देणे, हेच क्रीडेच्या कारभाऱ्यांचे पहिले कर्तव्य होय.