अंत्यविधीचा अधिकार

मृतदेह ही कोणाचीही मालमत्ता नव्हे, हे इंग्रजी विधिशास्त्रातील जुने तत्त्व आम्ही विद्यार्थिदशेत शिकलो. पुढे व्यवसायात असे दिसले की, मृताच्या घरावर आणि शेतावर हक्क सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु 'त्याचा अंत्यविधी मला करू द्या' एवढेच मागणे घेऊन येणारा विरळा. अशा एका विरळ मागण्यावर उभारलेला एक चित्रपट आहे.

पेरू देशाच्या उत्तर किनाऱ्यावर काबो ब्लांको हे कोळ्यांचे गाव आहे. ४ ऑगस्ट १९५३ रोजी तेथील समुद्रात १,५६० पौंडांचा काळा मार्लिन मासा गळाला लागला आणि गावाचे नाव सर्वतोमुखी झाले. १९५६ साली हेमिंग्वे आपल्या म्हाताऱ्या कोळ्याच्या कथेवरील चित्रपटासाठी येथे येऊन राहिला. याच गावात वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या हावियेर फुएन्तेस-लेओन या दिग्दर्शकाने आपला पहिला मोठा चित्रपट अल्प खर्चात घडविला. 'कोन्त्राकोर्रिएन्ते', म्हणजे 'प्रवाहाविरुद्ध', हे त्याचे नाव. तो २००९ साली प्रथम दाखविला गेला आणि २०१० साली सनडान्स महोत्सवात त्याला प्रेक्षकांचे पारितोषिक मिळाले.

कथा साधी आहे. मिगेल हा गावचा कोळी. त्याची पत्नी मारिएला गरोदर आहे. सांतियागो नावाच्या परगावच्या चित्रकाराशी मिगेलचे गुप्त प्रेम जडले आहे. गावची रूढी अशी की, मृताचा देह वस्त्रात गुंडाळून समुद्राला अर्पण करावा; त्यावाचून आत्म्याला शांती नाही. सांतियागो बुडून मरतो, देह सापडत नाही, आणि त्याचे भूत केवळ मिगेलला दिसू लागते. या भुतासाठी कसलीही यांत्रिक करामत नाही. नट नुसता समोर उभा राहतो आणि इतरांना तो दिसत नाही, एवढेच.

जिवंतपणी जे दोघे चारचौघांत एकमेकांकडे पाहू शकत नव्हते, ते आता हातात हात घालून भर रस्त्याने चालतात. मिगेलला हे सोयीचे वाटते. पाण्याखाली देह सापडतो तेव्हा तो वर न आणता तेथेच बांधून ठेवतो; कारण देहाला गती मिळाली तर सोबती जाणार! शोकातही स्वार्थ असतो, हे येथे निर्भीडपणे दाखविले आहे. पुढे गुपित फुटते. मारिएलेचा झालेला विश्वासघातही चित्रपट लपवीत नाही. अखेर देह कोळ्यांच्या जाळ्यात येतो, आप्त तो न्यावयास येतात, आणि मिगेल त्याच्या आईपाशी विधीची अनुज्ञा मागतो. गावकऱ्यांपैकी थोडेच संगे येतात. तरी तो देह खांद्यावर घेतो.

ही कल्पना नवी नव्हे. होमरच्या 'इलियड' महाकाव्याच्या तेविसाव्या सर्गात पात्रोक्लसचे भूत अखिलीसाच्या स्वप्नात येऊन, 'माझा अंत्यविधी सत्वर कर' असे मागते. त्यांचे नाते होमर स्पष्ट सांगत नाही. परंतु प्लेटोच्या काळचे ग्रीक त्यांस प्रेमिक समजत.

आपल्याही धर्मशास्त्राने या प्रश्नाचा विचार केला आहे. और्ध्वदेहिकाच्या अधिकाऱ्यांची परंपरा पुत्रापासून निघून सपिंड, शिष्य, ऋत्विज आणि शेवटी राजापर्यंत जाते. महालयात पितरांसमवेत गुरू, मित्र व आप्त यांचेही स्मरण होते. तर्पणाची अखेरची ओंजळ ज्यांना कोणी नाही त्यांच्यासाठी असते. यावरून शास्त्राने अशा प्रेमास मान्यता दिली, असा निष्कर्ष मी काढणार नाही. ती वकिली ठरेल. परंतु कोणीही प्रेत विधीवाचून राहू नये, ही चिंता मात्र शास्त्राची खचित आहे.

आणि कायदा? पेरूने १९२४ च्या दंडसंहितेतच या संबंधांना गुन्ह्यातून वगळले होते; तरी चित्रपटातील मिगेल गावाला भितो. आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ वे कलम प्रौढांच्या संमत संबंधांपुरते ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निष्प्रभ केले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने अशा विवाहास मान्यता देण्याचे नाकारले. ऑगस्ट २०२४ मध्ये मात्र केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना कळविले की, जवळचे नातलग उपलब्ध नसल्यास जोडीदारास मृतदेह मागता यावा. 'नातलग नसल्यास' या दोन शब्दांत सारा तंटा साठला आहे. नातलग आले आणि नाही म्हणाले, तर?

चित्रपटात त्याचे उत्तर कायदा देत नाही. एक आई देते. तिला मिगेलविषयी प्रेम असण्याचे कारण नाही. परंतु आपल्या मुलासाठी रडणारा आणखी एक मनुष्य समोर उभा आहे, एवढे ती ओळखते.

अंत्यविधी म्हणजे जिवंताने मृताविषयी दिलेली जाहीर साक्ष होय, असे मला वाटते. ती एकांतात देता येत नाही. मिगेलने सांतियागोला आयुष्यभर नाकारले आणि एका सकाळी सर्वांसमक्ष आपला म्हटले. त्यानंतर भूत उरले नाही.