पुष्पबागेतील प्रदर्शने

चित्र हे दरबारी दालनाचे भूषण, त्याकडे पाहण्याचा अधिकार धन्याचा आणि धन्याच्या पाहुण्यांचा, अशी समजूत हिंदुस्थानातील संस्थानांत सर्वत्र रुजलेली असताना बडोद्याने ती फार लवकर मोडली, ही गोष्ट मला त्या नगरीच्या कलेतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटते. राजा रविवर्म्याला बडोद्यास आणले ते दिवाण सर टी. माधवराव यांनी, १८८१ साली तिसऱ्या सयाजीराव महाराजांना राज्यकारभाराची मुखत्यारी मिळाली त्या सुमारास. पुढे महाराजांनी लक्ष्मीविलास राजवाड्याच्या दरबार हॉलसाठी त्याच्याकडून पुराणविषयांवरील चौदा चित्रे करवून घेतली, आणि ती तयार झाल्यावर राजवाड्याच्या भिंतींवर चढण्यापूर्वी मुंबईत व बडोद्यात सामान्य जनांसाठी मांडण्यात आली, तेव्हा ती पाहण्यास अलोट गर्दी लोटली. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या लहानशा गावातून दत्तक जाऊन गादीवर बसलेल्या या राजाला आपल्या रयतेच्या डोळ्यांचीही शिक्षणासारखीच काळजी होती, असे त्याच्या पुढील कारभारावरून स्पष्ट दिसते. १८९० साली त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती कलाभवन ही कला व उद्योग शिकविणारी शाळा सोपविण्यात आली, जिच्यात दादासाहेब फाळके यांनी धडे घेतले. १८९४ मध्ये कमाटीबागेत पदार्थसंग्रहालयाची इमारत पुरी झाली. आणि तिच्याच शेजारी चित्रसंग्रहालय उभे राहून, युरोपातून खरेदी केलेली चित्रे महायुद्धामुळे अडकून पडल्याने, अखेर १९२१ साली ते खुले झाले. बागेत फिरावयास आलेल्या कुटुंबाने वाटेत युरोपीय तैलचित्रांसमोर उभे राहावे, ही सोय त्या काळी फार थोड्या शहरांत होती.

३० एप्रिल १९४९ रोजी महाराजा सयाजीराव विद्यापीठ अस्तित्वात आले आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. दौलत संपताना तिने मागे ठेवलेली ही शेवटची तजवीज म्हणावी लागेल. पहिल्या कुलगुरू श्रीमती हंसा मेहता या संस्थानचे माजी दिवाण मनुभाई मेहता यांच्या कन्या. त्यांच्याच कारकिर्दीत, मार्कंड भट्ट यांच्या अधिष्ठातेपदाखाली, पुष्पबाग नावाच्या आवारात ललितकला विभाग सुरू झाला. मुंबईची जे. जे. कलाशाळा १८५७ पासून चालू होती खरी, परंतु तेथील विद्यार्थी सरकारी पदविका घेऊन बाहेर पडत. चित्रकाराला आणि शिल्पकाराला पदवीधराचा दर्जा देऊन इतिहास व सौंदर्यशास्त्र यांच्या अभ्यासासह विद्यापीठाच्या अंगणात बसविण्याचे धाडस बडोद्याने केले. १९५२ साली संग्रहालयशास्त्राचा स्वतंत्र विभागही याच विद्यापीठात निघाला, आणि कमाटीबागेतील जुने संग्रहालय त्याला हाकेच्या अंतरावर होते.

चित्रकलेचे प्रमुखपद १९५० मध्ये नारायण श्रीधर बेंद्रे यांनी स्वीकारले. इंदूरला देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली तयार झालेल्या या मराठी चित्रकाराने, स्वतःची शैली परिपक्व असूनही, शिष्यांच्या हातून आपली नक्कल होऊ दिली नाही, याचे श्रेय त्यांना पुरेसे दिले गेले आहे असे मला वाटत नाही. शिल्पाकडे शंखो चौधरी होते, आणि १९५१ पासून के. जी. सुब्रमण्यन, दोघेही शांतिनिकेतनात घडलेले. या तीन वळणांच्या माणसांना एका आवारात नांदविणारी गोष्ट कोणती, असा विचार केला तर माझ्या मनात प्रथम येते ते वर्षअखेरीचे प्रदर्शन, ज्याला तेथे सर्वजण ‘ॲन्युअल डिस्प्ले’ म्हणतात. मुंबईत १८८८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनाची परंपरा जुनी होती. तिचे महत्त्व पदकांवर आणि बक्षिसांवर उभे होते, व निवडसमितीच्या चाळणीतून उतरलेली कृतीच तेथे भिंतीवर येई. पुष्पबागेत मात्र वर्षभर रंगाने माखलेले वर्ग रिकामे करून, भिंती स्वच्छ करून, प्रत्येक विद्यार्थी आपले बरेवाईट काम स्वतःच मांडतो, परीक्षक त्याच्यासमोरून फिरतात, आणि त्याच भिंतींसमोर गावातले लोकही येऊन उभे राहतात. काय मांडावे, कशाच्या शेजारी मांडावे आणि काय मागे ठेवावे, हा निर्णय विद्यार्थ्याने घेणे हा अभ्यासक्रमाचाच भाग झाला. याच सवयीतून १९५६ साली बडोदा ग्रुप ऑफ आर्टिस्ट्स हा शिक्षक व विद्यार्थी यांचा संयुक्त संघ निर्माण झाला, आणि गुरुशिष्यांची चित्रे मुंबईच्या रसिकांपुढे एकाच दालनात टांगली गेली.

परंतु माझे मन खरे रमते ते १९६१ साली सुरू झालेल्या ‘फाइन आर्ट्स फेअर’मध्ये. सुब्रमण्यन त्यापूर्वी काही काळ अखिल भारतीय हातमाग मंडळाच्या नोकरीत होते. विणकरांच्या आणि कारागिरांच्या सहवासाने त्यांची मूळची शांतिनिकेतनी श्रद्धा, म्हणजे चित्र आणि चटई यांच्यामध्ये उच्चनीचतेची भिंत नाही ही श्रद्धा, अधिकच दृढ झाली होती. ते परत आल्यावर आवारात जी जत्रा भरू लागली तिच्यात एरवी कॅनव्हासपुढे गंभीरपणे उभे राहणारे शिक्षक आणि विद्यार्थी लाकडाची, चामड्याची, मण्यांची खेळणी, मातीची भांडी, मुखवटे आणि दागिने करून मांडीत, आणि अल्प किमतीत विकीत; आलेला पैसा विद्यार्थ्यांच्या मदतनिधीत जाई. सुब्रमण्यन यांनी या जत्रांसाठी केलेली खेळणी आज त्यांच्या चित्रांइतकीच आदराने पाहिली जातात. ज्या गृहस्थाने जन्मात कधी चित्र विकत घेतले नसते त्याने मुलासाठी एक लाकडी प्राणी घ्यावा, आणि त्या निमित्ताने एका थोर कलावंताचा हात त्याच्या घरात जावा, हा व्यवहार मला कोणत्याही दालनातील उद्घाटनसमारंभाहून मोलाचा वाटतो. १९७३ पासून शांतिनिकेतनातही, तेथील कलागुरू नंदलाल बसूंच्या जयंतीच्या आगेमागे, विद्यार्थ्यांच्या मदतनिधीसाठीच नंदन मेळा भरू लागला, आणि नंदलालांनी बडोद्याच्या कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकात, काढलेली भित्तिचित्रे ध्यानात घेता या दोन गावांचे नाते किती जुने आहे ते कळते.

या मोकळ्या दारांची कसोटी मे २००७ मध्ये लागली. परीक्षेसाठी मांडलेल्या एका विद्यार्थ्याच्या कामावर धार्मिक भावना दुखावल्याचा आक्षेप घेऊन बाहेरचे लोक आवारात शिरले, आणि विद्यार्थ्याला अटक झाली. त्याच्या निषेधार्थ इतर विद्यार्थ्यांनी भारतीय शिल्पपरंपरेतील शृंगारप्रतिमांचे प्रदर्शन मांडले, ते बंद करण्याचा हुकूम प्रभारी अधिष्ठात्यांनी मानला नाही, व त्यांना निलंबित करण्यात आले. मुंबई-दिल्लीसह अनेक शहरांतील कलावंत निषेधासाठी एकत्र आले. त्यांच्यापैकी अनेकांनी असा मुद्दा मांडला की ते सार्वजनिक प्रदर्शन नव्हतेच, ती विभागाची अंतर्गत परीक्षा होती. विद्यार्थ्याच्या बचावासाठी हा मुद्दा रास्त होता, आणि त्या वेळी तो करणे भागही होते. तरीही मला त्याचे वाईट वाटले, कारण परीक्षा आणि प्रदर्शन यांच्यामध्ये भिंत न ठेवणे हेच पुष्पबागेचे अर्धशतकाचे व्रत होते, आणि ज्यांनी ते प्राणपणाने पाळले त्यांनाच संकटसमयी ती भिंत तेथे होती असे सांगावे लागले.